डोंगर कुणाचा? किंडर स्काउट आणि चालण्याच्या हक्काचा इतिहास

१/१३
चालणे हा सर्वांत स्वस्त व्यायाम. त्याला साहित्य लागत नाही, शुल्क लागत नाही. मात्र वाट लागते, आणि वाट ज्या जमिनीवरून जाते ती बहुधा कुणाच्या तरी मालकीची असते. उत्तर इंग्लंडमधील गिरणी कामगारांना हे दर रविवारी नव्याने कळत असे. #इतिहास #थ्रेड

२/१३
मँचेस्टर आणि शेफील्ड ही धुराड्यांची शहरे. त्यांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्ट हा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. तेथील सर्वांत उंच पठार म्हणजे किंडर स्काउट, उंची ६३६ मीटर. आठवडाभर यंत्रांपुढे राबणाऱ्या माणसासाठी मोकळी हवा रेल्वेच्या एका तिकिटाच्या अंतरावर होती.

३/१३
मात्र एकोणिसाव्या शतकात तेथील सामाईक माळ कायद्याने कुंपणाआड गेले. जमीनदारांनी ते ग्राउस या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखून ठेवले. शिकार वर्षातील मोजकेच दिवस चाले, पण रखवालदार बारा महिने पहारा देत. चालण्याची इच्छा सर्वांना होती; तिची मुभा मालकाला आणि त्याच्या पाहुण्यांना होती.

४/१३
या विषमतेविरुद्धचा पहिला संघटित प्रयत्न बराच जुना आहे. मँचेस्टरमधील नागरिकांनी १८२६ साली जुन्या सार्वजनिक पायवाटांच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. जमीनदारांनी बंद केलेल्या वाटांचे पुरावे गोळा करायचे आणि त्या पुन्हा खुल्या करून घ्यायच्या, हे तिचे काम होते.

५/१३
१८९४ मध्ये याच परिसरात आणखी एक पायवाट-रक्षण संस्था उभी राहिली. जमीनदारांशी वाटाघाटी करून तिने १८९७ साली हेफील्ड गावापासून किंडरच्या कडेने जाणारी ‘स्नेक पाथ’ ही वाट खुली करून घेतली. यश खरे होते, पण अरुंद होते. वाट मिळाली, वाटेबाहेरचे पठार बंदच राहिले.

६/१३
लोकप्रतिनिधी जेम्स ब्राइस यांनी १८८४ साली डोंगर सर्वांना खुले करण्याचे विधेयक संसदेत मांडले होते. ते फेटाळले गेले. पुढच्या अर्धशतकात अशी विधेयके पुनःपुन्हा आली आणि पडली. दरम्यान कामगारांचे पदभ्रमण संघ वाढत गेले. शेफील्डचा ‘क्लॅरियन रॅम्बलर्स’ हा संघ १९०० सालचा.

७/१३
मग १९३२ साल उजाडले. मंदीमुळे हजारो तरुण बेकार होते. २४ एप्रिल रोजी ‘ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशन’ या कामगार क्रीडा संघटनेच्या हाकेवरून सुमारे ४०० जण हेफील्डजवळच्या एका खाणीत जमले. नेतृत्व होते मँचेस्टरच्या बेनी रॉथमन या २० वर्षांच्या तरुणाकडे. पोलीस स्थानकावर वाट पाहत असतील, हे ओळखून तो सायकलने आला होता.

८/१३
जमाव त्याच कायदेशीर वाटेने निघाला आणि एका ठिकाणी ती सोडून थेट चढणीला लागला. रखवालदारांशी झटापट झाली, त्यात एक रखवालदार जखमी झाला. माथ्यावर शेफील्डकडून आलेली तुकडी भेटली. परतताना गावात अटका झाल्या. हीच घटना ‘मास ट्रेसपास’, म्हणजे सामूहिक विनापरवाना प्रवेश, या नावाने इतिहासात नोंदली गेली.

९/१३
नुसते दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हा तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून खटला दंगल आणि मारहाणीच्या आरोपांखाली चालला. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांचा कारावास झाला. रॉथमनच्या वाट्याला चार महिने आले. प्रस्थापित पदभ्रमण संघांचा या कृतीला विरोध होता. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटी तिने धुळीस मिळतील, अशी त्यांना भीती होती.

१०/१३
घडले वेगळेच. शिक्षांच्या कठोरपणामुळे विरोधकही चळवळीच्या बाजूने बोलू लागले. काही आठवड्यांतच कॅसलटनजवळच्या विनॅट्स खिंडीतील सभेला सुमारे १०,००० लोक जमले. तरीही १९३९ चा कायदा दुबळाच निघाला. खरा बदल महायुद्धानंतर, १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण प्रवेश कायद्याने आला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले.

११/१३
येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. या कायद्याने सारे डोंगर आपोआप खुले झाले नाहीत. त्याने उद्यान मंडळाला जमीनमालकांशी ‘प्रवेश करार’ करण्याची सोय दिली. मालकाला भरपाई, चालणाऱ्यांना पठारावर मुक्त संचार आणि शिकारीच्या ठरावीक दिवशी बंदी, असा तो समझोता होता. १९५० च्या दशकात किंडरही अशाच करारांखाली खुले झाले.

१२/१३
करार कागदावर टिकत नाहीत. म्हणून १९५४ साली ईडेल गावी निरीक्षक सेवा सुरू झाली. पगारी निरीक्षकांच्या जोडीला शनिवार-रविवारी पदभ्रमण संघांतले स्वयंसेवक उभे राहिले. मेंढ्या बुजू नयेत, फाटके उघडी राहू नयेत, वणवा लागू नये, यावर ते लक्ष ठेवत. एकेकाळी ज्यांना रखवालदार हुसकावत, त्यांच्याच संघांतली माणसे आता त्या माळाची राखण करू लागली. शेतकऱ्याचा विश्वास भाषणांपेक्षा या कामाने अधिक कमावला.

१३/१३
माळ आणि डोंगरांवर चालण्याचा सर्वसाधारण हक्क मिळायला २००० सालचा कायदा यावा लागला. त्याने खुली झालेली जमीन इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के भरते. उरलेल्या ठिकाणी आजही पायवाटा आणि मालकांची संमती यांवरच भिस्त आहे. २००२ च्या एप्रिलमध्ये, मास ट्रेसपासच्या सत्तराव्या स्मृतिदिनाच्या सोहळ्यात, अकराव्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी आपल्या आजोबांच्या काळातील वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. बेनी रॉथमन मात्र ती ऐकायला नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले होते.