लोणारच्या विवराची कुळकथा

लोणारचा खड्डा पडला कसा, याचं पहिलं उत्तर पुराणकथेनं दिलं. लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूनं त्याला मारलं आणि त्याचं बिळ उघडं पडलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचं. खारं पाणी आणि खोल खळगा यांचा एकत्र उलगडा व्हायला हवा, हे कथा रचणाऱ्यांना उमगलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं विवराची नोंद केली. पुढे अभ्यासकांनी ज्वालामुखीवर बोट ठेवलं. त्यात नवल नाही. लोणार ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, तिथला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर निवालेला लाव्हा. अशा मुलखात जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं गोल विवर पाहून दुसरं काय सुचणार? 1896 मध्ये भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातल्या विवराशी लोणारची तुलना केली आणि भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटाच्या बाजूनं कौल दिला.

काठावर नीट पाहिलं तर एरवी आडवे असणारे बेसॉल्टचे थर बाहेरच्या अंगाला कललेले दिसतात. विद्यार्थ्यांना विवरातल्या खाऱ्या तळ्याआधी हे दाखवावं. पण थर उचकटायला वाफेचा स्फोटही पुरतो. नुसत्या आकारावरून निकाल लागत नाही.

1960 मध्ये अ‍ॅरिझोनाच्या विवरात कोएसाइट सापडलं. प्रचंड दाबाखाली क्वार्ट्झचं बनणारं हे रूप. उल्कापाताचा पुरावा मिळाला. 1964 मध्ये लाफाँड आणि डीट्झ यांनी लोणारबद्दलही उल्केची शंका मांडली. मात्र बेसॉल्टमध्ये मूळचं क्वार्ट्झ जवळपास नसतंच. साक्ष द्यायची कोणी?

ती दिली बेसॉल्टमधल्याच फेल्डस्पार या खनिजानं. तळ्याच्या तळाशी बोअर घेतले, तेव्हा जाड गाळाखाली फुटक्या खडकांचा थर लागला. त्यातले फेल्डस्पारचे स्फटिक न वितळता, केवळ आघातानं, काच झाले होते. ही मॅस्केलिनाइट. बिहारमधल्या शेरघाटीला 1865 मध्ये पडलेल्या उल्केत ती प्रथम ओळखली गेली होती. ज्वालामुखीत इतका दाब कधीच तयार होत नाही. 1973 मध्ये फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी हे ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं आणि लोणारचं कूळ आकाशाशी जुळलं.

वयाचा वाद अजून आहे. उष्मादीप्तीच्या मोजणीनं सुमारे 52 हजार वर्षं निघाली, 2011 मध्ये आर्गॉनच्या मोजणीनं सुमारे 5 लाख 70 हजार. खडक वितळला की त्यात साठलेला आर्गॉन निसटतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. जुना वायू थोडा जरी अडकून राहिला, तर वय फुगतं. म्हणून पाठ्यपुस्तकात दोन्ही आकडे, मोजण्याच्या पद्धतीसकट, छापायला हवेत.