अवेळची शर्यत

मॅरेथॉनच्या शर्यतीचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे पानोपानीं ऊन भेटतें. ऑलिंपिक सामने उन्हाळ्यांत भरावयाचे हा प्रघात पडला आणि त्याबरोबर ही लांब पल्ल्याची दौडहि भर उन्हांत व्हावयाची हें ठरून गेलें. १९०४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं ३२ जण निघाले, त्यांपैकीं १४ जणच अखेरपर्यंत पोहोंचले. उरलेल्यांना उष्म्यानें, धुळीनें आणि तहानेनें वाटेंतच बसविलें. मॅरेथॉन म्हणजे उन्हाशीं झुंज, अशी समजूत त्यामुळें रूढ झाली तर नवल नाहीं. परंतु याच खेळाची एक अत्यंत मानाची शर्यत वर्षाच्या अगदीं भलत्या वेळीं धांवली जाते. जपानच्या क्यूशू बेटावरील फुकुओका शहरीं, डिसेंबर महिन्यांतील पहिल्या रविवारीं, मैदानी खेळांचा हंगाम संपून गेल्यावर आणि समुद्रावरून थंड वारे सुटलेले असतांना ती भरते. तिचें मूळ शोधीत गेलें म्हणजे मात्र उन्हांतच कोसळलेल्या एका तरुणापाशीं येऊन थांबावें लागतें.

या तरुणाचें नांव शिझो कानाकुरी. त्याचा जन्म १८९१ सालीं क्यूशू बेटावरील कुमामोतो प्रांतांत एका खेड्यांत झाला. तोक्यो येथें शिक्षकाच्या पेशाचा अभ्यास करीत असतां, १९११ सालच्या नोव्हेंबरांत, जपाननें ऑलिंपिकसाठीं घेतलेल्या पहिल्या निवड-चाचणींत तो उतरला. ही चाचणी तोक्योजवळील हानेदा येथें समुद्रकांठच्या रस्त्यावर झाली. पाऊस होता, वारा होता, आणि कानाकुरीच्या पायांत होते ते ‘ताबी’ नांवाचे कापडी पायमोजे. त्या वेळच्या मोजणीप्रमाणें २५ मैलांचें तें अंतर त्यानें २ तास ३२ मिनिटें ४५ सेकंदांत तोडलें. तेवढ्या अंतरासाठीं तोंवर इतका थोडा वेळ कोणाच्याहि नांवावर नव्हता. अशा रीतीनें जपानची पहिली मोठी मॅरेथॉन अवेळीं, समुद्राकांठीं आणि वाऱ्यापावसांतच झाली होती. परंतु त्या वेळीं त्याचें महत्त्व कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

पुढील वर्षीं आगबोटीनें आणि सैबेरियाच्या आगगाडीनें दोन आठवड्यांहून अधिक प्रवास करून तो स्टॉकहोमला पोहोंचला. १४ जुलै १९१२ हा शर्यतीचा दिवस असह्य उकाड्याचा निघाला. ६८ जण निघाले होते. त्यांपैकीं सुमारें निम्मेच परत आले. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो रस्त्यावर कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. कानाकुरीची शुद्ध २७ किलोमीटरांच्या आसपास हरपली. जवळच्या एका कुटुंबानें त्याला आपल्या घरीं नेलें, पाणी पाजलें, विश्रांति दिली. सावध झाल्यावर तो शर्यतीच्या अधिकाऱ्यांपुढें गेलाच नाहीं. ज्या देशानें प्रथमच आपले खेळाडू इतक्या दूर धाडले, त्याला आपण कोणतें तोंड दाखवावें, या लज्जेनें तो मुकाट्यानें निघून गेला. स्वीडनच्या दप्तरीं त्याच्या नांवापुढें ‘बेपत्ता’ असा शेरा पडला आणि पुढें अर्धशतक तो तसाच राहिला.

१९१६ चे सामने महायुद्धानें बुडविले. कानाकुरी पुन्हां ऑलिंपिकमध्यें धांवला तो १९२० सालीं, बेल्जममधील अँटवर्प येथें. त्या दिवशीं ऊन नव्हतें, हवा थंड व पावसाळी होती, आणि अंतर मात्र नेहमीपेक्षां अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होतें. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन पहिला आला. कानाकुरी सोळावा आला. मराठी श्रोत्यांस या शर्यतींतील आणखी एक नांव ठाऊक असावयास हवें. कानाकुरीच्या मागोमाग, केवळ तीन क्रमांकांनीं खालीं, एकोणिसाव्या स्थानावर बेळगांवचे फडेप्पा दारेप्पा चौगुले आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धांवणारीं खेड्यांतील मुलें पाहून सर दोराबजी टाटा यांना हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिंपिकला धाडण्याची उमेद वाटली होती, आणि त्या उमेदींतूनच चौगुले अँटवर्पपर्यंत गेले होते. त्यांच्याबरोबर निघालेले सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करतां आली नाहीं. आशियांतील दोन देशांचे हे धांवपटु त्या दिवशीं एकाच ओल्या रस्त्यानें एकमेकांपासून फार दूर नव्हते. मात्र पुढें जपानमध्यें या खेळाला जसा वर्षानुवर्षें एक ठराविक दिवस, एक ठराविक रस्ता आणि एक ठराविक आश्रयदाता मिळाला, तसा आपल्याकडे मिळाला नाहीं.

तो दिवस नेमला गेला १९४७ सालीं. युद्धांतील पराभवाला दोनच वर्षें झालीं होतीं; क्यूशूंतील शहरें बाँबवर्षावानें जळालेलीं होतीं आणि अन्नधान्याची टंचाई होती. अशा वेळीं आसाही या वृत्तपत्राच्या आश्रयानें कुमामोतो शहरीं डिसेंबरांत एक मॅरेथॉन भरविण्यांत आली, आणि तिच्या पारितोषिकाला कानाकुरीचें नांव देण्यांत आलें. ज्याच्या नांवापुढें परक्या देशांत ‘बेपत्ता’ असें लिहिलें होतें, त्याच्या नांवानें त्याच्याच प्रांतांत शर्यत सुरू झाली. पुढें ती निरनिराळ्या शहरीं भरत गेली, १९५४ पासून परदेशचे धांवपटु तींत येऊं लागले, आणि १९५९ पासून, एखादा अपवाद वगळतां, ती फुकुओकालाच स्थिरावली.

फुकुओका हाकाता उपसागराच्या कांठीं वसलें आहे. १२८१ सालीं मंगोल बादशहा कुबलाईखानाचें आरमार या बाजूस आलें होतें तें उन्हाळ्याच्या अखेरच्या तुफानानें उधळून लावलें. त्या तुफानाला जपानी लोकांनीं ‘देवाचा वारा’ म्हटलें. आरमाराला अडविण्यासाठीं बांधलेल्या दगडी तटाचे अवशेष किनाऱ्यावर अद्याप आहेत. हिंवाळ्यांतला वारा निराळा. सैबेरियाच्या गोठलेल्या भूमीवरून तो वायव्येकडून निघतो, गेन्काई समुद्र ओलांडतो आणि सरळ या उपसागरावर येतो. शर्यतीचा आरंभ व शेवट होई तें हेइवादाइ मैदान जुन्या किल्ल्याच्या आवारांत आहे. पूर्वीं तेथें पायदळाची छावणी होती. युद्धानंतर तेथें क्रीडांगण झालें आणि त्याला ‘शांततेचें पठार’ अशा अर्थाचें नांव मिळालें. तेथून निघालेले धांवपटु शहर ओलांडून समुद्राच्या कडेनें जात, आणि कित्येक वर्षें ते वाळूच्या एका लांब, उघड्या दांड्यावरील गान्नोसु या ठिकाणीं वळसा घालून त्याच वाटेनें परतत. रस्ता सपाट, त्यामुळें चढउताराचा त्रास नाहीं. पण आडोसाहि नाहीं.

आतां वारा धांवणाऱ्याचें काय करतो, याचा एक साधा हिशेब श्रोत्यांनीं मनांत मांडून पाहावा. हवेचा विरोध हा धांवणारा व हवा यांच्या परस्पर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. उत्तम धांवपटु ताशीं सुमारें २० किलोमीटर वेगानें धांवतो. हवा स्तब्ध असेल तेव्हांचा विरोध एक मानूं. समोरून ताशीं २० किलोमीटरांचा वारा आला, तर परस्पर वेग दुप्पट होतो आणि विरोध चौपट. तोच वारा पाठीमागून आला तर विरोध शून्यावर येतो. म्हणजे जातांना तीन भाग तोटा होतो आणि येतांना एकच भाग नफा. गेलेल्या वाटेनेंच परत यावयाचें असल्यामुळें वाऱ्याची परतफेड होईल, असें वाटतें. प्रत्यक्षांत ती कधींच पुरी होत नाहीं. उलट, एका ठिकाणाहून निघून दूर दुसऱ्या ठिकाणीं संपणाऱ्या शर्यतींत वारा पाठीशीं राहिला तर तो धर्मादाय लाभ होतो. २०११ सालीं बोस्टन येथें केनियाचा जेफ्री मुताइ २ तास ३ मिनिटें २ सेकंदांत पोहोंचला. तोंवर कोणीहि मॅरेथॉन इतक्या लवकर धांवलें नव्हतें. तरी तो विश्वविक्रम मानला गेला नाहीं, कारण बोस्टनचा रस्ता सरळ एका दिशेचा व उताराचा असून विक्रमाच्या नियमांत बसत नाहीं. आणि त्या दिवशीं वारा पाठीमागून होता.

वाऱ्यासंबंधीं आणखी एक गोष्ट आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेले ग्रिफिथ प्यू यांनीं १९७१ सालीं प्रयोग करून दाखविलें कीं, दुसऱ्याच्या मागें एक मीटरावर धांवणाऱ्याला हवेच्या विरोधापैकीं जवळजवळ ८० टक्के विरोध सोसावा लागत नाहीं. अर्थात् वाऱ्याच्या दिवशीं पुढें कोणीं राहावयाचें हा प्रश्न केवळ डावपेंचाचा राहत नाहीं. जो पुढें राहतो तो मागच्याचाहि वारा आपल्या छातीवर घेत असतो.

हंगाम नसणें हेंच फुकुओकाचें भाग्य ठरलें. उन्हाळ्यांतील सामने आटोपल्यावर निरनिराळ्या देशांचे विजेते मोकळे असत, आणि मैदानी खेळांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८३ पर्यंत अस्तित्वांतच नव्हती. १९६६ पासून फुकुओकाच्या चालकांनीं त्या त्या वर्षींच्या उत्तमोत्तम धांवपटूंना आवर्जून बोलाविण्यास आरंभ केला, आणि लौकरच ही शर्यत जगाचें अघोषित अजिंक्यपद समजली जाऊं लागली. अमेरिकेचा फ्रँक शॉर्टर याला १९७२ सालीं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालें. फुकुओकाची शर्यत त्यानें १९७१ ते १९७४ अशी लागोपाठ चार वर्षें जिंकली.

१९६७ हें वर्ष मात्र या कथेंत विशेष आहे. त्या वर्षींच्या मार्चांत स्टॉकहोमच्या लोकांनीं वयाची पंच्याहत्तरी उलटलेल्या कानाकुरीला सन्मानानें बोलावून घेतलें आणि १९१२ सालीं सोडलेली शर्यत पुरी करण्याची विनंति केली. म्हाताऱ्यानें क्रीडांगणांत थोडें धांवून अंतिम रेषा ओलांडली. त्याचा अधिकृत वेळ ५४ वर्षें, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटें आणि २०.३ सेकंद असा जाहीर झाला. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत, त्याच्या नांवानें सुरू झालेल्या शर्यतींत, ऑस्ट्रेलियाचा डेरेक क्लेटन २ तास ९ मिनिटें ३६.४ सेकंदांत पोहोंचला. २ तास १० मिनिटांच्या आंत मॅरेथॉन धांवणारा तो जगांतील पहिला मनुष्य होय. सर्वांत दीर्घ आणि त्या वेळचा सर्वांत अल्प असे दोन्ही वेळ एकाच वर्षीं, एकाच कथेच्या दोन टोकांस नोंदले गेले.

कानाकुरी १३ नोव्हेंबर १९८३ रोजीं ९२ व्या वर्षीं वारला. त्यानंतर तीन आठवड्यांनीं फुकुओकाला टांझानियाचा जुमा इकांगा आणि जपानचा तोशिहिको सेको यांची गांठ पडली. इकांगानें पुढें राहून वेग राखला. सेको त्याच्या पाठीशीं चिकटून राहिला आणि मैदानांतल्या शेवटच्या शंभर मीटरांत पुढें निघाला. अंतर पडलें तें तीन सेकंदांचें. सेकोची धांव नियमाला धरून होती आणि धूर्त होती. प्रेक्षकांचा जयघोषहि त्याच्याच वांट्यास आला. परंतु वारा कापण्याचें काम कोणीं केलें, हें जाणणाऱ्यांनीं जाणलें. इकांगा खचला नाहीं. १९८६ सालीं तो पुन्हां आला आणि २ तास १० मिनिटें ६ सेकंदांत ती शर्यत त्यानें जिंकली.

या शर्यतीच्या यादींत २ तास ८ मिनिटें १८ सेकंद हा आंकडा दोनदां येतो. पहिल्यानें तो १९८१ सालीं ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट डी कॅस्टेलानें नोंदविला. त्याच सालीं न्यूयॉर्कला अल्बर्टो सालाझारनें याहून पांच सेकंद कमी घेतले होते. परंतु तेथील रस्ता पुढें मोजला असतां सुमारें दीडशें मीटरांनीं आंखूड निघाला, आणि जगांतील सर्वोत्तम वेळेचा मान फुकुओकाच्या बिनचूक मोजलेल्या रस्त्याकडे आला. दुसऱ्यानें तोच आंकडा १९८७ सालीं जपानच्या ताकेयुकी नाकायामानें नोंदविला. ती शर्यत सेऊल ऑलिंपिकच्या निवडीची होती. नाकायामा आरंभापासून जगाच्या विक्रमाहून अधिक वेगानें निघाला. उत्तरार्धांत बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला. पुढें आडोशाला कोणी नव्हतें आणि मागेंहि कोणी जवळपास उरलें नव्हतें. हवेनें अखेर त्याचा वेग खाल्ला, तरी दुसरा धांवपटु दोन मिनिटांहून अधिक मागें राहिला. तोंवर पोर्तुगालच्या कार्लोस लोपेशनें विक्रम २ तास ७ मिनिटें १२ सेकंदांवर आणलेला होता, म्हणून नाकायामाची ही धांव विक्रमांच्या कोष्टकांत दिसत नाहीं. पुढील वर्षीं सेऊलला तो चौथा आला, पदकहि हुकलें. परंतु ज्यांनीं तो डिसेंबरचा दिवस पाहिला, त्यांच्या लेखीं त्या दोन सारख्या आंकड्यांची किंमत सारखी नाहीं.

पुढें मोठमोठ्या शहरांच्या मॅरेथॉन शर्यतींनीं हजारों हौशी लोक आणि विपुल धन आपल्याकडे ओढलें. मोजक्या, निवडक धांवपटूंची ही जुनी शर्यत मागें पडली. २०२१ सालीं तिची ७५ वी खेप झाली आणि ती बंद होत असल्याचें जाहीर झालें. शहराला मात्र तें मानवलें नाहीं. स्थानिकांनीं व क्रीडासंस्थांनीं भार उचलला आणि २०२२ च्या डिसेंबरांत ती पुन्हां भरली. उन्हानें एका तरुणाला ज्या शर्यतींतून उठविलें, तीच शर्यत वाऱ्याच्या दिवसांत त्याच्या देशानें एवढ्या चिकाटीनें जोपासली. यापुढें कोणा धांवपटूचा वेळ वृत्तपत्रांत वाचावयास मिळेल तेव्हां, तो दिवस कसा होता आणि वारा कोणत्या दिशेनें वाहत होता, हेंहि विचारण्यास वाचकांनीं विसरूं नये.