प्रौढांचा वर्ग आणि हेग्गोडूचा पडदा

महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८५५ साली शेतकरी व कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेला मोठा माणूसही शिकू शकतो, हा विश्वास त्यामागे होता. पुढे स्वतंत्र भारतात २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा हेतू साक्षरतेबरोबर जाणीवजागृतीचाही होता. पण पुष्कळ वर्गांत गाडी सहीपाशीच थांबली. अंगठा गेला, सही आली, पुढं काय? थोर कादंबऱ्या, थोर चित्रपट हे शिकल्यासवरलेल्यांचे, आपल्याला ते काय कळणार, असं कष्टकरी माणूस आपणहून म्हणू लागतो. निरक्षरतेपेक्षा ही समजूत अधिक घातक होय.

ही समजूत खोटी ठरविणारा एक प्रयोग शेजारच्या कर्नाटकात झाला. शिमोगा जिल्ह्यातील सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे खेडे आहे. सुपारीच्या बागांचा हा मुलूख. तेथे १९४९ साली गावकऱ्यांनी नाटके करण्यासाठी ‘नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ’ स्थापन केला. ‘नीनासम’ या आद्याक्षरांच्या नावाने तो ओळखला जातो. के. व्ही. सुब्बण्णा हे त्याचे आधारस्तंभ. म्हैसूरला शिकून ते शहरात न राहता गावी परतले. १९७३ साली नीनासमने चित्रपट मंडळ सुरू केले, आणि सत्यजित राय, कुरोसावा, डी सिका यांच्यासारख्यांचे चित्रपट खेड्यातल्या माणसांपुढे आले.

या कामाला पुण्याची मोलाची मदत झाली. पुण्यात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट व १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले होते. इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकविणारे प्रा. सतीश बहादूर हेग्गोडूला येऊन वर्ग घेऊ लागले. निवासी शिबिरे भरू लागली. चित्रपट पाहायचा आणि मग त्यावर बोलायचं, अशी साधी रीत. प्रा. बहादूर यांची हातोटी अशी की, मोठमोठे सिद्धान्त सांगत न बसता ते एकेका दृश्याकडे नीट पाहायला शिकवीत. ‘पथेर पांचाली’ हा तर त्यांच्या खास अभ्यासाचा विषय.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरचा हा १९५५ चा चित्रपट. त्यातलं एकच दृश्य पाहा. दुर्गेवर माळ चोरल्याचा आळ येतो. ती नाकबूल करते. पुढे ती मरण पावते. घर सोडताना धाकट्या अपूला तीच माळ सापडते. तो ती गुपचूप तळ्यात फेकतो. पाण्यावरचं शेवाळ क्षणभर फाकतं आणि पुन्हा मिटतं. एक शब्दही कोणी बोलत नाही. पण ज्यानं गरिबी पाहिली, ज्याच्या घरात असा आळ आला, त्याला ते समजावून सांगावं लागत नाही. उलट, तो माणूस त्यात पुस्तकी पंडितापेक्षा अधिक पाहू शकतो. वर्ग त्याला एवढंच देतो की, आपल्याला जे जाणवलं ते चारचौघांत सांगण्याचं धैर्य आणि त्यासाठी लागणारे शब्द.

पुढे या शिबिरांची कक्षा रुंदावली. साहित्य, नाटक, संगीत यांवरही चर्चा होऊ लागल्या. १९९१ साली सुब्बण्णांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली ते गेले. पण पुढच्या पिढीने संस्था चालू ठेवली.

या इतिहासातून घेण्याजोगा बोध असा की, सामान्य माणसासाठी उत्तम कलाकृती पातळ करून वाढायची गरज नसते. गरज असते ती सोबत बसण्याची, त्याच्या भाषेत बोलण्याची आणि त्याचं म्हणणं ऐकून घेण्याची. आज चित्रपट प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर आला आहे. एकत्र बसून बोलणं मात्र कमी झालंय. एक सभागृह, एक पांढरा पडदा, महिन्यातली एक संध्याकाळ आणि चर्चा पुढे नेणारा एक जाणकार कार्यकर्ता, एवढ्यावर असा वर्ग कुठल्याही वस्तीत उभा राहू शकतो. ज्यांना सही येते त्यांनीही यावं, ज्यांना येत नाही त्यांनीही यावं.