मॉरिशसला स्वर्ग नक्की कोण म्हणालं?

मॉरिशसच्या पर्यटन-जाहिरातींत मार्क ट्वेन हमखास भेटतो. आधी मॉरिशस घडलं आणि मग त्यावरून स्वर्ग बेतला, असं तो म्हणाल्याचं छापलेलं असतं. आता मूळ पुस्तक उघडून बघा. कर्ज फेडण्यासाठी काढलेल्या व्याख्यान-दौऱ्यात ट्वेन १८९६ मध्ये या बेटावर उतरला, आणि १८९७ साली त्याचं ‘फॉलोइंग द इक्वेटर’ आलं. त्यात हे त्याचं स्वतःचं मत नाहीच! एका रहिवाशाकडून असं ऐकायला मिळतं, एवढंच तो सांगतो. लगेच दुसरा रहिवासी म्हणतो, ही अतिशयोक्ती आहे. १८९२ च्या चक्रीवादळाने पोर्ट लुईची केलेली दैनाही त्याच पुस्तकात आहे. जाहिरातीत अर्थातच ती येत नाही.

पण अवतरण अर्धवट आहे हे दाखवून थांबलात, तर तो शोधनिबंध होत नाही, फक्त दुरुस्ती होते. खरा प्रश्न असा, की या बेटाची ओढ कुणाला होती आणि कशामुळे?

ट्वेन आला तेव्हा बेट म्हणजे उसाचे मळे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर तिथे गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपल्याकडची माणसंही होती, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. त्यांच्यासाठी ‘आकर्षण’ म्हणजे मजुरी, शिधा आणि कराराची मुदत. समुद्रकिनाऱ्याशी कुणाला देणंघेणं होतं?

१९६१ मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या अहवालाने तर निराशेचाच सूर लावला. लोकसंख्या झपाट्याने वाढतेय, आधार एकट्या साखरेचा. १९६८ ला स्वातंत्र्य, आणि १९७० मध्ये निर्यातीसाठीच्या उद्योगांना करसवलती देणारा कायदा. मग हाँगकाँगचे कापडवाले आले. का आले? हाँगकाँगच्या कपड्यांवर पाश्चात्त्य देशांनी कोटा लावला होता, मॉरिशसचा कोटा मोकळा होता. १९७५ च्या लोमे करारानंतर युरोपात मालावर जकातही नव्हती. शिवाय कामाला बायका, आणि बरीच वर्षं त्यांचं किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठरवलेलं. ‘मॉरिशसचा चमत्कार’ म्हणून जे लिहिलं जातं, त्यात ही शेवटची गोष्ट फार पटकन उरकतात, असं माझं मत आहे. स्थानिक मळेवाल्यांचा साखरेतला नफाही कारखान्यांत आणि हॉटेलांत गेला, म्हणजे सगळं भांडवल काही परकं नव्हतं.

आणि आपल्याशी थेट जोडलेला भाग तर पुढेच आहे. १९८२ मध्ये भारत-मॉरिशस करार झाला. भारतीय शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लावायचा हक्क मॉरिशसला मिळाला, आणि मॉरिशस तो लावतच नव्हतं. त्यामुळे भारतातल्या परकीय गुंतवणुकीच्या तक्त्यात हे छोटं बेट कित्येक वर्षं पहिल्या नंबरवर दिसतं. २०१६ मध्ये करार बदलला. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सवर भारत कर लावू शकतो.

असे तक्ते वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. पैसा शेवटी कुठून निघाला तेवढंच त्यात दिसतं, मूळ मालक कुठला ते नाही. तेव्हा प्रस्तावात ‘मॉरिशसची गुंतवणूक’ असं लिहू नका, ‘मॉरिशसमार्गे आलेली’ लिहा. गाईड पहिल्याच बैठकीत तिथेच अडवतात.