शाळा अंगणात आली तेव्हा



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत चार शब्द लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. मी काही लेखक नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडगिरणीत मागावर उभं राहून ज्याची उमर गेली असा कामगार आहे. शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर, विहाराच्या कपाटातली पुस्तकं घरी नेऊन. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला 'शिका' म्हणून सांगितलं. हा शब्द आपण दर १४ एप्रिलला बॅनरवर लिहितो. पण शिकवणं गोरगरिबांच्या दारापर्यंत पोचवायचं कसं, याचा एक मोठा धडा आपल्या वाणगावपासून दोन स्टेशनांवर घडलेला आहे आणि तो आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नाही. त्याविषयी लिहितो.

१९४५ हे साल ध्यानात ठेवा. त्या एका सालात तीन गोष्टी झाल्या. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली बांधव जमले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. सावकार-जमीनदारांची वेठ यापुढे करायची नाही, असं त्या सभेत ठरलं. ज्या माणसांना पिढ्यान् पिढ्या वेठीला धरलं, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोला गडी म्हणून राबवलं, ती माणसं ताठ उभी राहिली. त्यापायी गोळ्याही झेलल्या. दुसरी गोष्ट, ८ जुलै १९४५ ला बाबासाहेबांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. आणि तिसरी गोष्ट, त्याच सालाच्या अखेरीस घोलवड स्टेशनाजवळच्या बोर्डी गावात ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्यांच्या जोडीला अनुताई वाघ आल्या.

पहिल्या दोन गोष्टी आपण सभेत ऐकतो. तिसरीवर फारसं कोणी बोलत नाही.

ताराबाई शिकलेल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं आणि १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. पण ही बालमंदिरं पडत शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांच्या वाट्याला. परदेशी पद्धतीचं लाकडी साहित्य महाग. खेड्यातल्या मजुराच्या पोराला ते कुठून मिळणार? म्हणून ताराबाईंनी पन्नाशी उलटल्यावर खेड्याची वाट धरली. अनुताईंना लहान वयात वैधव्य आलं. त्या काळी विधवेचं जिणं काय होतं ते सांगायला नको. त्यातून त्या शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या आणि ती नोकरी सोडून बोर्डीला आल्या त्या कायमच्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली पोरं तिथवर येईनात. आई-बाप मजुरीला गेलेले, मोठ्या पोरीच्या कडेवर धाकटं, अंगावर धड कपडा नाही. अशा पोराला चांगल्या इमारतीची भीती वाटते. तेव्हा या दोघींनी पोरांना नावं ठेवली नाहीत. मूल शाळेत येत नाही तर शाळेनेच मुलाकडे जायचं, असं ठरवलं आणि वस्तीतल्या एखाद्या घराच्या अंगणात वर्ग भरवला. ही अंगणवाडी. आज देशभर जो शब्द चालतो तो आपल्या या किनाऱ्यावरचा आहे!

तिथं पहिलं काम पाटी-पेन्सिलचं नव्हतं. पोरांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी आणि गोष्टी. मोजायला समुद्रावरचे शिंपले, चिंचोके, खडे, काड्या. पैसा लागला नाही, आणि पोराला वाटलं की आपल्या अंगणातल्या वस्तूही शिकायच्या कामाच्या असतात.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. तिथं आणखी अडचणी. सात-आठ वर्षांचं पोर दिवसभर गुरांमागे जातं. त्याच्यासाठी जिथं गुरं चरतात तिथंच शाळा भरवली. तिला नाव पडलं कुरणशाळा. दिवसा ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग. आणि धाकट्याला सांभाळायचं म्हणून जिची शाळा बुडते त्या पोरीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. याला विकासवाडी म्हणत. म्हणजे दरवेळी आधी पोराची अडचण पाहिली आणि तिच्यावरून शाळेचा नमुना ठरवला. शिवाय शिकवणाऱ्या बालसेविका तयार करायचं कामही तिथं चाललं.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. ताराबाई १९७३ साली गेल्या होत्या, त्यांना हे पाहायला मिळालं नाही. अनुताई १९९२ सालापर्यंत होत्या. आज अंगणवाडी म्हटलं की आपल्याला खिचडी, लस आणि वजनकाटा एवढंच आठवतं. आणि आपल्या लेकरांना ओळीत बसवून बोलायला शिकवणारी सेविका आजही पगारावर नाही, मानधनावर काम करते. याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

आपल्यातला एखादा विचारील, या दोघी उच्चवर्णीय घरातल्या, त्यांचं कौतुक आपण का करावं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की वेठ या दोघींनी मोडली नाही, ती वारल्यांनी स्वतः मोडली. अक्षरओळख नसतानाही त्यांना अन्याय कळत होता. पण सावकाराच्या कागदावर अंगठा कशासाठी उमटवतोय हे कळायला अक्षरच लागतं. आजही आपला डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले. ठराव वाचता आला नाही तर ते अधिकार कागदावरच राहतात. लढा आणि शिक्षण दोन्ही लागतात. बाबासाहेबांनीही १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह उघडलं, कारण खेड्यातल्या पोराची अडचण राहण्या-खाण्याची होती हे त्यांनी ओळखलं होतं.

आता आपल्याविषयी एक कडू गोष्ट सांगतो. विहारात संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली तेव्हा पाड्यावरचा एक पोरगा रोज फाटकाशी उभा राहायचा. कडेवर बहीण. आम्ही म्हणायचो, "अरे, ये ना आत." तो हसायचा अन् तिथंच थांबायचा. आम्ही आपसात म्हणालो, याला शिकायचंच नाही. दिवाळीनंतर घरची माणसं वीटभट्टीवर गेली, तोही गेला. कोसबाडची हकीकत मी नंतर वाचली आणि मला त्या पोराचा चेहरा आठवला. बहिणीला कुठं ठेवू, हा त्याचा प्रश्न होता. आम्ही तो विचारलाच नाही. शिवाय चकचकीत फरशी, सगळ्यांच्या पायातल्या चपला बाहेर ओळीत, आणि हा अनवाणी.

ज्यांना एकेकाळी शाळेबाहेर बसवलं त्यांची आपण लेकरं. आपल्या फाटकाशी कोणी असं उभं राहावं?

म्हणून या वर्धापन दिनी माझी कार्यकारिणीला आणि सर्व उपासक-उपासिकांना नम्र विनंती आहे. दर रविवारी दोन तास आपण पाड्यावर जावं. बारावी झालेल्या आपल्या मुली आणि पाड्यावरच्या शिकलेल्या मुली, दोघींनी मिळून तिथल्याच अंगणात वर्ग घ्यावा. धाकट्यांना सांभाळायला महिला मंडळातल्या दोघी-तिघींनी बसावं. वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांची यादी दिवाळीआधीच करावी आणि पोरांना मागे ठेवता येईल का, हे त्यांच्या आई-बापाशी बोलावं. याला देणगी लागत नाही, वेळ लागतो. माझी रविवारची सुट्टी मी देतो.

तथागतांनी भिक्खूंना एका जागी न बसता लोकांत फिरायला सांगितलं होतं. आपणही फाटकाबाहेर पडू या.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!