शिक्का आणि नर्सची नोकरी

आम्ही पिंपळनेरच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

नर्सिंग शिकलेल्या लेकीला भांडणाच्या केसमध्ये कोर्टाने दोषी ठरवलं, की गाव म्हणतं, नोकरी गेली. असा शिक्का आपल्याकडे जुना आहे. इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या कायद्यांखाली पुढे पारधी, कंजारभाट अशा जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. असा शेवटचा कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला.

१९५८ साली परिवीक्षा कायदा आला. फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर कोर्ट तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडू शकतं. कलम १२ प्रमाणे अशा सुटकेनंतर शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. मात्र दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही. नोकरी देणारा ती पाहतोच. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, माहिती खरीच द्यावी. किरकोळ गुन्हा असेल, तर नोकरी देणारा तो बाजूला ठेवू शकतो.

म्हणून फॉर्मवर लपवू नका, निकालाची नक्कल जपा. आणि निकालाआधीच वकिलाला विचारा, "बाँडवर सोडायची मागणी केली का?" १९८७ च्या कायद्याने तालुका विधी सेवा समितीत बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.