लोणावळ्याचा संथ व्यायाम

महाराष्ट्राच्या व्यायामाच्या इतिहासात १९२४ हे साल दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले आणि त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केले. पहिल्या संस्थेने तरुणांना मैदानावर आणले. दुसरीने वेगळाच प्रश्न हाती घेतला: शरीर सावकाश हलवले, लक्ष देऊन हलवले, तर मज्जासंस्थेवर त्याचा काय परिणाम होतो? मी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली. मैदानाचे ऋण मला रोज आठवते, लोणावळ्याचे मात्र आपण सगळेच विसरत चाललो आहोत, म्हणून हे लिहिते आहे.

तो काळ बळाचा होता. तालमी, जोर-बैठका, मल्लखांब, लाठी, लेझीम यांना देशकार्याचे मोल आले होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करत होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्कार घालत, आपल्या संस्थानातल्या शाळांतून ते घालून घेत, आणि १९२८ मध्ये त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तकही काढले. या सगळ्यात किती जोर, किती नमस्कार याला महत्त्व होते, आणि ते योग्यच होते. खचलेल्या समाजाला उभे राहण्यासाठी दम लागतो, दमासाठी घाम गाळावा लागतो.

कुवलयानंद याच मातीतले. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. शरीर कमावले ते बडोद्याला, राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली जुम्मादादा व्यायामशाळेत. म्हणजे आखाडा काय देतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. खानदेशात अमळनेरला त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले, तिथल्या महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. मग नर्मदेकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी भेटले आणि माणिकरावांचा हा शिष्य योगाकडे वळला. वळताना त्याने चिकित्सक बुद्धी मात्र घरी ठेवली नाही. गुरूने दाखवलेल्या क्रियेचा अनुभव आला म्हणून ते थांबले नाहीत, शरीरात नेमके काय घडले हे त्यांना पाहायचे होते.

कैवल्यधाम निघण्याआधीच, १९२० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली उड्डियान आणि नौली या क्रिया तपासल्या. नौलीत पोटाचे उभे स्नायू पुढे काढले की आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार होतो, हे दाबमापकाने मोजून दाखवले. आतडे धुण्याच्या बस्तिक्रियेत पाणी आपोआप वर का ओढले जाते याचा उलगडा त्यातून झाला. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले, ‘माधवदास पोकळी’. १९२४ मध्येच ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले आणि शीर्षासनातला, सर्वांगासनातला रक्तदाब, प्राणायामातला श्वास यांची मोजमापे त्यात छापली जाऊ लागली.

मला त्यातली एक गोष्ट सर्वांत मोठी वाटते. प्राणायामाने भरपूर प्राणवायू मिळतो, असे तेव्हाही लोक सांगत आणि आजही सांगतात. कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजले, तेव्हा तेवढ्याच वेळातल्या साध्या श्वसनापेक्षा प्राणायामात प्राणवायू कमीच घेतला जातो असे दिसले. योगाची बाजू मांडणाऱ्या माणसाने ही गोष्ट झाकून ठेवली नाही, छापली. आणि मग प्राणायामाचे खरे मोल कुठे शोधायचे तेही सांगितले: मज्जासंस्थेला लागणाऱ्या शिस्तीत.

हाच धागा त्यांच्या आसनांतही आहे. स्नायू फुगवणे हे आसनाचे काम नाही, पाठीचा कणा, मज्जासंस्था आणि अंतःस्रावी ग्रंथी यांचे आरोग्य हे त्याचे काम, अशी त्यांची मांडणी होती. १९३१ च्या ‘आसने’ या इंग्रजी ग्रंथातले भुजंगासन पाहा. पालथे पडायचे, तळवे छातीच्या बाजूंना. आधी फक्त डोके उचलून मागे न्यायचे. मग कणा वरून खाली, मणक्यामागून मणका, वळवत जायचा. ताण मानेतून पाठीत, पाठीतून कमरेत उतरताना कळला पाहिजे. बेंबीखालचा भाग जमिनीवरच राहतो. परत येतानाही तीच वाट, उलट्या क्रमाने. हातांनी रेटा देऊन छाती एकदम वर काढली, तर बाहेरून आसन अगदी तसेच दिसते आणि आतून काहीच हाती लागत नाही.

कैवल्यधामात पुढे योगाचे महाविद्यालय निघाले. तिथला अभ्यासक्रम केला तेव्हा मी शाळेत रुळलेली शिक्षिका होते. शिट्टी आणि ‘एक-दोन-तीन-चार’ माझ्या अंगात भिनलेले. तिथल्या गुरुजींनी भुजंगासनात माझ्या पाठीवर दोन बोटे ठेवली आणि म्हणाले, “बाई, इथून पुढे तुम्ही उडी मारता. तो भाग कळत नाही ना? मग तिथे थांबा.” थांबले. दोन खांद्यांमधला तो तुकडा माझ्याच पाठीत असून मला माहीत नव्हता. रोज तेवढेच करत राहिल्यावर तो हळूहळू कळू लागला, आणि वर्षानुवर्षे आवळलेली मान सैल पडली.

शवासनाचेही तसेच. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात शवासन थकवा घालवणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे सांगितले आहे. कुवलयानंदांनी त्याचा पायरीपायरीने अभ्यास करून घेतला: शरीराचा एकेक भाग मनाने गाठायचा, तो सैल सोडायचा, आणि सगळे सैल झाल्यावर श्वासाकडे पाहायचे. पश्चिमेतही असाच शोध चालू होता. १९२९ मध्ये अमेरिकेत एडमंड जेकबसन यांनी शिथिलीकरणावर ग्रंथ लिहिला, त्यात स्नायू आधी आवळून मग सोडायला शिकवले आहे. जर्मनीत एल्सा गिंडलर यांनी त्याच काळात हालचालीतून शरीराची जाणीव वाढवण्याचे वर्ग चालवले. पुढे मोशे फेल्डेनक्राइस या अभियंता-ज्यूदोपटूने तेल अवीवमध्ये अगदी लहान, संथ हालचालींचे धडे बसवले. आज ‘सोमॅटिक’ म्हणून जे शिकवले जाते, त्यामागे ही सगळी माणसे आहेत, आणि त्या पंगतीत लोणावळ्याचे पान मानाचे आहे. पाश्चात्त्यांनी आपले उचलले असे मला म्हणायचे नाही. त्यांनी आपल्या वाटेने शोध घेतला, आपल्याकडच्या माणसाने आपल्या.

त्या काळचे सगळेच दावे टिकले असेही नाही. अमुक आसनाने अमुक ग्रंथी सुधारते, ही विधाने तेव्हाच्या तुटपुंज्या साधनांवर उभी होती, ती जशीच्या तशी आज कोणी सांगू नयेत. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे संशोधक भारतात आले. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांचा हृदयालेख त्यांनी काढला, तर नाडी लागेनाशी झाली तरी हृदय चालूच होते. अशा तपासणीने योगाचे काही बिघडले नाही. दीर्घ, संथ उच्छ्वासात हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीर विश्रांतीकडे झुकते, हे आज शरीरशास्त्राला मान्य आहे. सावकाश आसनातून उठल्यावर मन निवते ते त्यामुळेच, त्यासाठी चमत्कार लागत नाही.

कुवलयानंद १९६६ मध्ये गेले. त्यांचे कैवल्यधाम आजही चालू आहे. शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांना मात्र एक विनंती करते. मुलांना पळवा, खेळवा, घाम येऊ द्या. पण तासाची शेवटची पाच मिनिटे शिट्टी खिशात ठेवा, मुलांना मैदानावर उताणे झोपवा आणि पायाच्या अंगठ्यापासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडायला शिकवा. परीक्षेच्या धास्तीने रात्र रात्र जागणाऱ्या मुलांना एवढे नक्की देता येईल. त्याला पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही, आणि शिकवण्याची रीत आपल्याच घाटमाथ्यावर तपासून ठेवलेली आहे.